तपकिरी पिशवी

सोमवारी सकाळी साडेदहाला फोन आला आणि दिग्दर्शकाच्या हातातला चहा हातातच थंड झाला.

फोन चित्रपट निधीच्या कार्यालयातून होता. ज्यांनी अजून मोठा चित्रपट केलेला नाही, अशांपैकी एकाला हा निधी दरवर्षी उभं करतो. अर्जावर 'नवोदित' असा शब्द छापलेला असतो. आपल्या या नवोदिताचं वय एकोणपन्नास होतं, गुडघे बोलायला लागले होते, आणि निधीच्या नियमाप्रमाणे पन्नाशीनंतर नवोदित राहता येत नव्हतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

"तुमची संहिता शेवटच्या पाचात आली आहे," कार्यालयातल्या बाई म्हणाल्या. दिग्दर्शक खुर्चीतून अर्धा उठला. "पण एक अडचण आहे. दुसऱ्या एका संहितेत तुमच्यासारखाच प्रसंग आहे. म्हातारी रोज संध्याकाळी सहाच्या बसच्या वेळी कपडे भरून दाराशी बसते, बस गेली की परत कपडे काढून ठेवते, तो. समितीने दोघांनाही गुरुवारी अकराला बोलावलंय. प्रसंग तुमचाच आहे याचा काही पुरावा असेल तर घेऊन या."

"दुसरा कोण आहे?"

"नाव सांगता येत नाही, सर."

"बरं, एवढं तरी सांगा. त्याच्या संहितेत म्हातारीच्या पिशवीचा रंग कोणता आहे?"

 असला प्रश्न बाईंना कुणी विचारला नसावा. "संहिता माझ्याकडे नाहीत, समितीकडे आहेत," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रंगाची भानगड अशी. हा माणूस या धंद्यात तारा उचलण्यापासून आला. मग एका मालिकेचे संवाद दोन वर्षं लिहिले. पडद्यावर नाव दुसऱ्याचं आलं. एकदा उपाहारगृहात एक कल्पना चारजणांना रंगवून सांगितली, तर वर्षभरात ती साबणाच्या जाहिरातीत दिसली. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला. पोटासाठी कारखान्यांचे सुरक्षिततेचे माहितीपट केले, शाळांची स्नेहसंमेलनं टिपली, आणि उरलेल्या वेळात स्वतःचं लिहिलं. विहिरी खोदणाऱ्यांवरचा एक छोटा चित्रपट अकरा महोत्सवांत फिरून आला. त्याला मिळालेलं काचेचं चिन्ह घरात दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतात. मोठ्या चित्रपटाचं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी." नातेवाइकांत त्याचं नावच 'पुढच्या वर्षी' पडलं होतं. "पुढच्या वर्षी आले का रे जेवायला?" असं लोक सरळ विचारायचे.

तर असा हा दुधाने तोंड भाजलेला माणूस संहिता वाचायला देताना एक युक्ती करायचा. प्रत्येकाच्या प्रतीत एक बारीकसा फरक ठेवायचा आणि तो एका छोट्या वहीत टिपायचा. उद्या चोरी झालीच, तर कुणाच्या प्रतीतून झाली ते कळावं म्हणून. यंदा तीन प्रती दिल्या होत्या. म्हातारी ज्या पिशवीत कपडे भरते, ती संकलकाच्या प्रतीत लाल होती, मेहुण्याच्या प्रतीत हिरवी आणि त्याच्या ध्वनिवाल्याच्या, म्हणजे कानसेनच्या प्रतीत तपकिरी. निधीला पाठवलेल्या मूळ प्रतीत नुसती 'पिशवी' होती. छापून घेतानासुद्धा तो दुकानदाराच्या यंत्रावर हात आडवा धरून उभा राहिला होता. दुकानदार शेवटी म्हणाला होता, "साहेब, हात काढा. हाताचीच प्रत निघतेय."

संध्याकाळी बायको कामावरून आली. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून घासून तिच्या बोटांच्या पेरांवर रेषा उरल्या नव्हत्या. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तिघांतला एक चोर," ती म्हणाली.

"हो."

"आणि मला का नाही दिली प्रत?"

"अगं, तू घरचीच."

"मला रंग पुरला नाही म्हणा," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

मंगळवारी तो संकलकाकडे गेला. संकलकाला सगळे 'कात्री' म्हणत. एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्याची खोली; खिडक्यांना काळे पडदे, एकमेकांत गुंतलेल्या तारा, आणि दोन पडदे असलेलं संगणकाचं टेबल. दिग्दर्शकाने दार न वाजवताच ढकललं. कात्रीने झटकन काहीतरी दाबलं आणि दोन्ही पडदे काळे झाले.

दिग्दर्शकाच्या मनात पाल चुकचुकली. त्यात खुंटीवर एक पिशवी लटकत होती. लाल.

"काय करतोयस?"

"काही नाही. बस ना. बऱ्याच दिवसांनी."

"झाकलंस काय?"

"कुठे काय झाकलं?"

"कात्री, सतरा वर्षं ओळखतो तुला. तू शिंक आली तरी काम थांबवत नाहीस."

कात्रीचा चेहरा पडला. त्याने कळ दाबली. पडद्यावर ढवळ्या टोप्या घातलेली चाळीस मुलं मधमाश्या होऊन नाचत होती. "बालवाडीचं संमेलन आहे," तो म्हणाला. "प्रत्येक आईला आपलं पोर मधे दिसायला हवंय. तीन दिवस हेच करतोय. तुला महोत्सव मिळालेत, तू हसशील म्हणून झाकलं."

"ती लाल पिशवी कुणाची?"

"माझी. डबा आणतो. का?"

"माझी संहिता वाचलीस?"

"वाचली. दुसरा भाग लांब झालाय. आणि त्या म्हातारीची पिशवी लाल कशाला रे? तिचं सगळं घर फिकं, नवरा फिका, आणि मधेच लालभडक पिशवी. मी नुसती पिशवी केली असती."

दिग्दर्शक त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. चोर इतकं खरं बोलेल का? की खरं बोलणं हीच चोराची युक्ती? जिना उतरताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

बुधवारी दुपारी तो मेहुण्याच्या दुकानात गेला. मेहुणा कार्यालयांना लागणाऱ्या खुर्च्या विकायचा आणि 'माझी एका निर्मात्याशी ओळख आहे' असं दर आठवड्याला सांगायचा. त्या ओळखीच्या भरवशावरच त्याला प्रत दिली होती.

"भाऊजी! या या, ही घ्या, कमरेला आधार देणारी आहे," मेहुण्याने एक चाकांची खुर्ची त्याच्याकडे ढकलली.

"ती संहिता कुणाला दिलीस?"

"कुणाला म्हणजे?"

"निर्मात्याला दिलीस ना?"

"देणार आहे. एकदा स्वतः वाचून होऊ दे म्हटलं. आपण वाचलेलं नसलं की समोरचा ओळखतो हो."

"मग वाचलीस?"

मेहुणा इकडे तिकडे बघायला लागला. दिग्दर्शकाची नजर टेबलाकडे गेली. टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याच्याखाली चौपदरी घडी घालून काहीतरी सारलेलं होतं. त्याने वाकून ते ओढलं. टेबल डगमगलं, पेन गडगडत खाली गेलं. संहितेची पहिली पंधरा पानं. वर चहाच्या पेल्याची तीन वर्तुळं.

"चौथ्या पानापर्यंत आलो होतो," मेहुणा म्हणाला. "फार छान आहे. शांत आहे. मला झोप लागली."

म्हातारी पिशवी भरते ते एकोणिसाव्या पानावर. दिग्दर्शकाला एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या: मेहुण्यावरचा संशय गेला, आणि तो गेल्याचं वाईट वाटलं. चोरावीशीसुद्धा वाटली नाही लेकाला!

राहिला कानसेन.

कानसेन म्हणजे ध्वनिवाला. आवाज टिपणं हे त्याचं काम, आणि कान इतके तिखट की शेजारच्या खोलीतलं शीतकपाट सुरू झालं तरी चित्रीकरण थांबवायचा. दिग्दर्शकाच्या प्रत्येक कामावर अठरा वर्षं तोच होता. बोलायचा कमी. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्या कानावर घेण्यासारखं. म्हणून दिग्दर्शकाने त्याला शेवटी ठेवलं होतं. पण आता एकेक आठवायला लागलं. चार महिन्यांपूर्वी प्रत दिली. त्यानंतर कानसेनने वाचली की नाही, कशी वाटली, चकार शब्द काढला नव्हता. दर रविवारी चहाला यायचा, ते थांबलं होतं. सोमवारपासून पाच फोन केले, एकही उचलला नव्हता.

रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने निधीच्या कार्यालयात फोन लावला. त्याच बाई.

"बाई, एकदाच सांगा. तपकिरी आहे ना? पिशवी तपकिरी आहे ना?"

"सर, तुम्ही सोमवारी विचारलंत म्हणून मी समितीकडची प्रत चाळून पाहिली," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "रंग-बिंग काही नाही. त्यात पिशवीच नाहीये."

"पिशवी नाही? मग कपडे कशात भरते ती?"

"अभ्र्यात. उशीच्या अभ्र्यात."

 समोरून गाड्या जात होत्या. दिग्दर्शकाला एकीचाही आवाज येत नव्हता. अभ्रा. हा शब्द त्याने तिन्हींपैकी एकाही प्रतीत लिहिला नव्हता. निधीच्या प्रतीतही नाही. पण म्हातारीचा तो अभ्रा त्याने कुठेतरी ऐकला होता.

घरी येऊन त्याने माळ्यावरची खोकी उतरवली. तो त्याचा पुरावाच शोधत होता, असं त्याने बायकोला सांगितलं. एक वही सापडली. त्यात नऊ वर्षांपूर्वीच्या तारखेखाली तो प्रसंग त्याच्याच अक्षरात होता. पुराव्याला एवढी वही पुरेशी होती. पण तो थांबला नाही. विहिरीवाल्या चित्रपटाच्या आवाजांची साठवण एका छोट्या डबीत होती. ती त्याने संगणकाला जोडली.

इथे एक रीत सांगायला हवी. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो, आणि प्रत्येक खोलीचा वेगळा. म्हणून एखाद्या घरातलं चित्रीकरण संपलं की निघण्याआधी सगळ्यांनी जागच्या जागी पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि ध्वनिवाल्याने एक मिनिट त्या खोलीची नुसती शांतता टिपून घ्यायची. पुढे संवादांच्या मधल्या फटी भरायला ती लागते. कानसेन याबाबतीत फार कडक. कुणी खोकलं की पुन्हा पहिल्यापासून.

दिग्दर्शकाने 'तिसरं घर, खोलीची शांतता' असं लिहिलेलं उघडलं. मिनिटभर काहीच नाही. लांबून एक कुत्रा, बस. मग कानसेनचा आवाज, "झालं." माणसं सामान उचलून बाहेर गेली. पावलं विरली. यंत्र मात्र चालूच होतं.

"अरे, ही उशी बघ," अकरा वर्षांपूर्वीचा कानसेन म्हणत होता. "आमच्याकडे असलेच अभ्रे होते. आई रोज सहाच्या बसला निघून जाणार असायची. पिशवी कुठली असायला? अभ्र्यात कपडे भरायची आणि दाराशी बसायची. मी आत अंथरुणात, डोळे मिटून, कान देऊन. बस यायची, जायची. मग ती अभ्रा झटकायची. असा."

फट्, असा आवाज झाला.

"हा आला की मला कळायचं, आज राहिली. मग मी झोपायचो."

थोडा वेळ नुसती खोली.

"हे कुणाला सांगू नकोस," हा दिग्दर्शकाचा स्वतःचा आवाज, तरुण आणि अधाशी. "मी करतो यावर काहीतरी."

"तू नको. ती माझी आहे. कधीतरी मीच लिहीन. तू फक्त ऐक."

"बरं."

टेप संपली. बायको दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"तुम्ही 'बरं' म्हणालात त्याला," ती म्हणाली.

"मी विसरलो होतो."

"मलाही तुम्ही असंच 'बरं' म्हणता." तिने वही उचलली, तारीख बघितली, परत ठेवली. "दोन वर्षांत विसरलात आणि पिशवी केलीत."

"उद्या काय करू?"

"मला प्रत दिली असतीत तर तेव्हाच विचारलं असतं, ही बाई कुठली म्हणून." एवढंच बोलून ती गेली.

गुरुवारी पावणेअकराला तो निधीच्या कार्यालयात पोचला. लांब बोळ, भिंतीला हिरवट रंग, एक बाक. बाकावर कानसेन मांडीवर हात ठेवून बसला होता. दिग्दर्शक त्याच्या शेजारी बसला; मधे एका माणसाची जागा सोडून.

"फोन का नाही उचललास?"

"काय बोलायचं ते ठरत नव्हतं."

"मला सांगायचंस तरी, की तू अर्ज करतोयस."

"तू सांगितलंस?" कानसेनने मान वळवली. "चार महिन्यांपूर्वी तू प्रत दिलीस. एकोणिसाव्या पानावर माझी आई होती. तिच्या हातात तू चेनची पिशवी दिलीस. तपकिरी. रोज चेन ओढते म्हणे. मी ती पानं ठेवली आणि त्याच दिवशी लिहायला बसलो. माझं लिहिणं किती सावकाश, तुला माहितीये. तीन महिने लागले."

"तपकिरी फक्त तुझ्याच प्रतीत आहे," दिग्दर्शकाच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे?"

आता सांगावंच लागलं. कात्रीला लाल, मेहुण्याला हिरवी. कानसेनने शांतपणे ऐकलं, मग नाकातून हसला.

"म्हणजे माझ्यावर पहारा ठेवलास होय? माझ्याच आईला पहाऱ्यावर बसवून?"

 दिग्दर्शकाने खांद्यावरची झोळी जवळ घेतली. आत वही होती आणि ती डबीही होती. घरून निघताना दोन्ही घेतल्या होत्या आणि बाहेर कोणती काढायची ते ठरवलं नव्हतं.

"तू पुरावा काय आणलास?" त्याने विचारलं.

"आई होती. ती गेली," कानसेन म्हणाला.

बाईंनी दोघांना आत बोलावलं. समितीत तिघं होते: एक निवृत्त छायालेखक, एक प्राध्यापिका आणि एक गृहस्थ, जे शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. प्राध्यापिकाबाईंनी सरळ विचारलं, "आधी कुणी लिहिलं?"

"मी," दिग्दर्शक म्हणाला. ते खोटं नव्हतं. त्याने वही टेबलावर ठेवली आणि पान उघडून दिलं. तिघांनी आळीपाळीने तारीख वाचली. छायालेखकाने कानसेनकडे पाहिलं. "तुमच्याकडे काही कागद?"

"नाही."

"मग झालंच की," छायालेखक म्हणाले. त्यांनी वही मिटली. पाचांतला एक कमी झाला होता. कानसेन उठण्यासाठी गुडघ्यांवर तळवे टेकवत होता. आणि तो भांडणार नाही, हे दिग्दर्शकाला त्या तळव्यांवरून कळलं. अठरा वर्षांत तो एकदाही भांडला नव्हता. एक शब्द न बोलता काम झालं असतं. चाळीस पावलं चालून रस्त्यावर जायचं, आणि पुढच्या वर्षी खरंच पुढचं वर्ष आलं असतं.

"वही मिटू नका," दिग्दर्शक म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "माझ्याकडे आणखी एक आहे, या वहीच्या दोन वर्षं आधीचं. आधी मिनिटभर काहीच ऐकू येणार नाही. तेवढं मिनिट कृपा करून गप्प बसा."

त्याने डबी टेबलावरच्या संगणकाला जोडली. खोलीत एका दुसऱ्या खोलीची शांतता पसरली. न बोलणाऱ्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं. मग "झालं," मग पावलं, मग उशी, अभ्रा, आणि ते फट्. कानसेनने डोळे मिटले. शेवटी "तू नको, ती माझी आहे," आणि त्यावरचं ते "बरं".

 मग प्राध्यापिकाबाई कानसेनला म्हणाल्या, "तुमची संहिता राहील." दिग्दर्शकाला त्या काहीच म्हणाल्या नाहीत. कार्यालयातल्या बाईंनी एक छापील कागद पुढे केला. संहिता स्वखुशीने मागे घेत असल्याबद्दल. 'स्वखुशीने' या शब्दाशी तो जरा अडखळला, आणि सही केली.

बोळातून दोघं बरोबर बाहेर पडले. पायऱ्यांवर ऊन होतं. कानसेन थांबला.

"ती टेप तुझ्याकडे होती, हे मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला.

"यंत्र बंद करायला विसरला होतास."

"मी यंत्र बंद करायला विसरत नाही."

दिग्दर्शकाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे तेव्हाच...? माझ्यावर...?"

"तुझ्यावर नाही. मला तो अभ्र्याचा आवाज हवा होता. आईचा नव्हता माझ्याकडे." कानसेनने त्याच्याकडे निरखून पाहिलं, अगदी तसंच, जसं चार दिवस दिग्दर्शक सगळ्या जगाकडे बघत होता. "आता मला खरं सांग. वहीवर काम होत होतं. टेप कशाला लावलीस? माझी निवड झाली की मी तुला दिग्दर्शनाला घेईन, असं काही आहे का मनात?"

"नाही."

"सहलेखक म्हणून नाव?"

"नाही रे."

"मग यात तुझं काय आहे?"

"काही नाही," दिग्दर्शक म्हणाला.

कानसेनने मान जराशी तिरकी केली. चित्रीकरणाच्या वेळी एखाद्या खोलीत कुठूनसा बारीक गुणगुण आवाज येत असला, आणि तो पंख्याचा की तारेचा ते ठरत नसलं, की तो असाच उभा राहायचा. दिग्दर्शक हलला नाही. मिनिटभर दोघं तसेच पायरीवर उभे राहिले.

"रविवारी चहाला ये," शेवटी दिग्दर्शक म्हणाला.

"बघू," कानसेन म्हणाला आणि पायऱ्या उतरायला लागला.